विषयावरून नको, तासावरून निवडा

प्रश्न विचारणाऱ्या बाई वडोदऱ्यातल्या एका ग्रान्टेड, म्हणजे अनुदानित, माध्यमिक शाळेत तेहेतीस वर्षं मराठी आणि सामाजिक विज्ञान शिकवतात. या सत्राअखेरीस अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त होतील. पेन्शन आहे, दांडिया बाजारात स्वतःचं घर आहे, यजमान बँकेतून निवृत्त झालेत, मुलगा कॅनडात आहे. सहकारी म्हणतात क्लास काढा. ओळखीच्या एकाने प्ले-स्कूलची फ्रँचायझी सुचवून सहा लाखांचा आकडा दिलाय. भाचा विम्याची एजन्सी घ्या म्हणतोय. मुलगा म्हणतो, आई, आता आराम कर. या चारांतलं काय निवडू, असा त्यांचा प्रश्न आहे. मधेच त्यांनी एक वाक्य लिहिलंय: "सासऱ्यांनी मला मोडी वाचायला शिकवली होती, त्यांची कागदांची ट्रंक अजून माळ्यावर आहे, पण त्याचा आता काय उपयोग." आणि शेवटी विचारलंय, पेन्शन असताना पुन्हा पैसे घेणं बरं दिसेल का?

बाई, मीही याच शहरात गणित-विज्ञान शिकवून तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहिली दोन-तीन वर्षं चाचपडण्यात आणि एक नुकसान सोसण्यात गेली. त्यानंतरची दहा वर्षं निवृत्तीला टेकलेल्या शिक्षकांशी मी याच विषयावर बसून बोलत आले आहे. म्हणून आधी हे सांगते की चारांतलं एक निवडू नका. ही चारही उत्तरं दुसऱ्यांच्या डोक्यातून आलेली आहेत. तुमचं उत्तर तुमच्या वेळापत्रकात आहे, आणि ते शोधायला तुमच्याकडे आता थोडेच महिने उरलेत, कारण शाळा सुटल्यावर ते शोधता येत नाही.

शाळेत आपण जे करतो त्याला शिकवणं हे एकच नाव असलं तरी त्यात आठ-दहा निरनिराळी कामं असतात. फळ्यासमोर उभं राहून साठ मुलांना धडा सांगायचा. कच्च्या मुलाला मधल्या सुट्टीत शेजारी बसवून वाचून घ्यायचं. पेपर काढायचा, पेपर तपासायचे, टाइमटेबल बसवायचं, पालकांना समजवायचं, गॅदरिंगचं नाटक बसवायचं, सहल न्यायची, जी. आर. रजिस्टरमधून, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीतून, वीस वर्षांपूर्वीचा दाखला शोधून द्यायचा, नव्याने लागलेल्या शिक्षिकेला हाताशी धरायचं. ही सगळी कामं एकाच माणसाला सारखीच आवडतात असं मी अजून पाहिलेलं नाही. तेहेतीस वर्षं पगारासाठी आपण ती सगळी केली. आता त्यातलं एक किंवा दोन करायची मोकळीक मिळणार आहे. आणि नेमकं याच वेळी बहुतेक जण विषयावरून निवडतात: गणिताचा आहे म्हणून गणिताचा क्लास, इंग्रजीच्या आहेत म्हणून परदेशी जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस परीक्षेचा क्लास. विषय तर आपण विशी-बाविशीत निवडला होता. त्यानंतर आपण किती बदललो!

तर एक साधी पाठपोट वही घ्या आणि उद्यापासून तीन आठवडे रोज लिहा. प्रत्येक तास, ऑफ पिरियडसुद्धा, संपला की त्याच्यापुढे अधिक किंवा वजा मांडायचं. अधिक म्हणजे तास संपल्यावर अंगात जरा जास्त जीव होता, घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. वजा म्हणजे कधी घंटा होते असं झालं होतं. शेजारी चार शब्दांत लिहायचं की त्या तासाला नेमकं काय करत होतात. "नववी ब, इतिहास" एवढं पुरणार नाही. "नववी ब, नकाशा काढून दाखवत होते" असं हवं. तीन आठवड्यांनी विषयाचं नाव झाकून फक्त ही दुसरी नोंद वाचा.

माझ्याबरोबर एक भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, गुजराती माध्यमातले. जो तो त्यांना म्हणे, साहेब, तुम्ही जेईईचा क्लास काढला तर रांग लागेल. त्यांनी मनावर घेऊन ही वही भरली. वर्गातल्या तासांपुढे बहुतेक वजा होते आणि अधिक सगळे प्रयोगशाळेत होते, तेही मुलं नसताना. मीटर ब्रिजची तार सैल झाली ती ताणून बसवली, व्होल्टमीटरचा काटा शून्यावर आणला, ऑप्टिकल बेंचच्या सुया सरळ केल्या, असल्या नोंदींपुढे. आज ते दोन शाळांच्या प्रयोगशाळा सांभाळतात. प्रॅक्टिकल परीक्षांच्या आधीचे दोन महिने त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि बाकीचं वर्ष मोकळं असतं. त्यांच्या बायकोने मला सांगितलं की चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा शीळ घालत घरी येतात.

प्राथमिकच्या एका बाईंचे अधिक सगळे वाचनात अडणाऱ्या मुलांशेजारी निघाले. त्या आता रोज फक्त दोन मुलं घेतात, प्रत्येकी चाळीस मिनिटं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्यांना मी एकच बजावलं होतं की स्वतःला स्पेशल एज्युकेटर म्हणवून घेऊ नका, त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी लागते. "वाचनाचा सराव घेते" एवढंच सांगा. मुलाला अध्ययन अक्षमता आहे का, हे ठरवणं तज्ज्ञांचं काम. पालकही या स्पष्ट बोलण्यावरच विश्वास ठेवतात, असा त्यांचा अनुभव आहे.

आता क्लासचं. यात मी स्वतः पोळले आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निवृत्त झाले त्याच जूनमध्ये मी वाघोडिया रोडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बाकं, फळे, इन्व्हर्टर, बोर्ड रंगवून घेणं, पहिल्या महिन्याची जाहिरात. ग्रॅच्युइटीतले साडेतीन लाख गेले. ओळखीतला एक तरुण शिक्षक भागीदार होता. करार लिहिला नव्हता, कारण मुलासारखाच होता. चौदा महिन्यांत क्लास बंद झाला. दुसऱ्या वर्षी बरीचशी मुलं त्याच्या नव्या क्लासला गेली, आणि लेखी काहीच नसल्यामुळे मला बोलायलाही जागा नव्हती. पैशांचं दुःख काही वर्षांनी ओसरलं. जास्त लागलं ते हे की त्या चौदा महिन्यांत मी शिकवलं फार थोडं. फी राहिली त्यांना फोन, गैरहजर मुलांच्या घरी फोन, टेस्ट सिरीजचे झेरॉक्स, निकालाचे फलक, समोरच्या क्लासने फी कमी केली म्हणून पुन्हा हिशोब. शिकवणं आणि क्लास चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझ्या वहीत, ती मी नंतर मागे वळून भरली, दुसऱ्या कामापुढे एकही अधिक नव्हतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शिकवणीला मागणी गणित, विज्ञान, अकाउंट्स आणि इंग्रजीला आहे. मराठी आणि सामाजिक विज्ञानासाठी आपल्या शहरात पालक वेगळे पैसे मोजत नाहीत. मराठी माध्यमाची पटसंख्या कशी उतरत गेली ते तुम्ही तुमच्याच शाळेच्या हजेरीपटावर पाहिलंय. त्यामुळे क्लास काढलात तर तुम्हाला सर्व विषय शिकवावे लागतील किंवा माणसं ठेवावी लागतील, आणि दोन्हीत तुमचं असं काही उरणार नाही.

जागेचंही पाहा. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासपर्यंत आग पोचली आणि २२ जणांचा जीव गेला, बहुतेक सगळी शिकायला आलेली मुलं. ज्याने आयुष्यभर वर्ग मोजून सहलीच्या बसमध्ये चढवलाय त्याला ती बातमी विसरता येत नाही. तेव्हापासून गुजरातेत क्लासच्या जागेला फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, कडकपणे विचारतात आणि ते योग्यच आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पन्नासहून अधिक विद्यार्थी असले की ते कोचिंग धरलंय, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये म्हटलंय आणि दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. घरी आठ-दहा मुलं शिकवणं या व्याख्येत येत नाही. पण मोठं स्वप्न कोणी दाखवत असेल तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा. आणि निवृत्तीच्या आधी अंदाज यावा म्हणून लपूनछपून शिकवणी सुरू करू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शिक्षकाला खासगी शिकवणीला बंदी आहे; तो कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा असला तरी तुमच्या शाळेचा नियम काय आहे ते आधी पाहा. तेहेतीस वर्षांच्या स्वच्छ सेवेवर शेवटच्या चार महिन्यांत डाग कशाला?

फ्रँचायझीबद्दल माझं मत ठाम आहे: घेऊ नका. सहा लाख हा फक्त नावाचा आणि सामानाचा आकडा असतो. जागेचं भाडं, आया, रिक्षा, रंगकाम, पहिल्या वर्षीच्या रिकाम्या खुर्च्या हे सगळं त्याच्यावर. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पुरी लागतात, त्यामुळे बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ग, शाळांनीच सुरू केल्या आणि लहान प्ले-स्कूलकडची वरच्या वयाची मुलं तिकडे जायला लागली. नोंदणी, इमारतीची बीयू परमिशन (वापराचा परवाना), या गोष्टी फ्रँचायझी विकणारा पहिल्या भेटीत बोलत नाही. तुम्ही विचारा आणि तो काय उत्तर देतो ते लिहून घ्या. शिवाय तुम्ही आयुष्यभर नववी-दहावीच्या मुलांत राहिलात. तीन वर्षांच्या मुलाशी दिवसभर जमिनीवर बसणं हे गुडघ्यांचंही काम आहे.

विम्याची एजन्सी परीक्षा देऊन रीतसर घेता येते आणि काहींना ती छान जमते. भाचा तुम्हाला का विचारतोय तेवढं मात्र मनाशी नीट तपासा. निवृत्त शिक्षिकेकडे तीस वर्षांचे माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक असतात, आणि "बाई आल्यात" म्हटल्यावर कोणी नाही म्हणत नाही. हा विश्वास कमिशनवर खर्च करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. साखळी पद्धतीने माल विकणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा. डिसेंबर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार सभासद होण्यासाठी पैसे मागता येत नाहीत आणि पिरॅमिड योजनेला बंदी आहे. एवढं सांगितलं तरी पुढचं बोलणं थांबतं.

मुलगा आराम कर म्हणतो त्यात त्याची माया आहे. त्याचं थोडं ऐका. जून ते गणपती हा काळ काहीही नवं सुरू न करता जाऊ द्या. जूनमध्ये शाळा उघडतील त्या दिवशी सकाळी साडेसहाला जाग येईल, साडीला पिन लावायला हात जाईल आणि कुठे जायचं नाही हे आठवेल. तो आठवडा फार अवघड जातो. मी त्या आठवड्यात स्कूटी काढून कमाटीबागेत गेले होते आणि प्राणिसंग्रहालयाच्या दारात शाळेची सहल उतरताना पाहून रडले होते. त्या रिकामेपणाला घाबरून माणसं पहिलं येईल ते काम धरतात. माझा क्लास तसाच निघाला होता.

आता तुमच्या त्या मधल्या वाक्याकडे येते. "त्याचा आता काय उपयोग" असं तुम्ही लिहिलंत. मी ते वाचून उठून पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं.

गायकवाडांच्या दरबाराचं दप्तर कित्येक पिढ्या मराठीत, मोडी लिपीत लिहिलं गेलं. इथल्या सरकारी अभिलेखागारात ते आहे आणि रावपुरा, बाजवाडा, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरही आहे: इनामपत्रं, वाटणीपत्रं, गहाणखतं, देवस्थानाचे जमाखर्च, सोयरिकीची पत्रं. ती वाचणारी पिढी गेली. २०२३ मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्ती शिंदे समितीने जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती थोडी उरलीत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तुमच्या हातात जे कौशल्य आहे ते या शहरात फार थोड्यांकडे आहे, आणि तुम्ही त्याला ट्रंकेबरोबर माळ्यावर ठेवून दिलंय.

मी मोडीची जाणकार नाही. पण माझ्या सल्ल्याने या कामात शिरलेल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांच्या शेजारी बसून ते काम कसं चालतं ते मी जवळून पाहिलंय. कागद घडीच्या रेघेवर पिवळा पडलेला. आधी डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ मारून घेतलेली आणि सगळी अक्षरं तिला लटकवलेली, लेखणी न उचलता, शब्दांमध्ये जागा न सोडता. ह्रस्व-दीर्घ एकच. कुठे शब्द संपतो ते अर्थावरून ठरवायचं, त्यामुळे जुनी मराठी कानात नसेल तर नुसती अक्षरओळख काही कामाची नाही. सर भिंग घेऊन ओठांतल्या ओठांत वाचत होते आणि एका ठिकाणी थांबले. "छ" होता. मला वाटलं शब्दाचं पहिलं अक्षर असेल. ते म्हणाले, नाही, हा चंद्राचा, याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येणार. मग साल आलं, आकड्यांत नाही, अरबी शब्दांत: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन ११६१, मराठ्यांच्या जुन्या कागदांतली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. मृगाला साल बदलतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००. सरांनी कोपऱ्यात पेन्सिलीने १७६० लिहिलं, महिना पुन्हा पाहिला, खोडलं आणि १७६१ केलं. ते वर्ष पाहून दोघंही गप्प झालो. पानिपताचं साल.

त्या एका पानाला त्यांना पावणेदोन तास लागले. तीन शब्द लागले नाहीत तिथे त्यांनी कंसात "अक्षर लागत नाही" असं लिहिलं. हा त्यांचा नियम आहे आणि तुम्हीही तोच पाळा. अंदाजाने भरलेला शब्द पुढे कोणाच्या तरी जमिनीच्या वादात जाऊन बसतो. वाटणीचे आणि जमिनीचे कागद घेऊन येणाऱ्याला लिप्यंतर द्या, अर्थ सांगा, पण "यावरून तुमचा हक्क लागतो" असं चुकूनही बोलू नका, ते वकिलाचं काम. कोर्टात द्यायचं असेल तर वकील सांगतील तसं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. पहिल्या वर्षी तरी अशी कामं घेऊच नका. संशोधन करणारी मुलं, घराण्याचा इतिहास लिहू पाहणारी कुटुंबं, जुनी देवस्थानं यांच्यापासून सुरुवात करा. सयाजीराव विद्यापीठात इतिहासावर काम करणाऱ्या कितीतरी मुलांना मराठी बोलताही येत नाही. त्यांचा विषय वडोदरा संस्थानाचा असला की गाडी मोडीपाशी अडते. तुम्हाला मराठी, मोडी, गुजराती आणि इतिहास चारही येतात.

एक सावधगिरी. सासऱ्यांनी शिकवलं त्याला किती वर्षं झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही. हात गंजलेला असणार. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं आणि परीक्षाही घेतं. गणपतीनंतर ते मनावर घ्या, प्रमाणपत्राने अनोळखी माणसाला भरवसा येतो. त्याआधी ट्रंकेतल्या कागदांच्या फोटोंवरून रोज एक पान, ठरावीक वेळी, तीन महिने. आणि त्या पानांपुढेही अधिक-वजा मांडायचं विसरू नका. मला मोडीचं कितीही अप्रूप असलं तरी तुमच्या वहीत तिथे सलग वजा आले तर माझं म्हणणं सोडून द्या. मग ते सासऱ्यांवरचं प्रेम होतं, काम नव्हतं.

कदाचित वहीतले अधिक सहलीपुढे येतील. तसं असेल तर हे शहरच तुमचा वर्ग आहे. तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तांबेकर वाडा आहे, लाकडी, भिंतीभर चित्रांचा, आणि शेजारच्या गल्लीतल्या मुलांनी तो आतून पाहिलेला नसतो. मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे, काचेच्या लाद्यांच्या मजल्यांची. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं, आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत, हे त्या लाद्यांवर उभं राहून सांगितलं की सातवीतलं मूलही गप्प होऊन ऐकतं. गायकवाडांच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करणाऱ्या राजाच्या शहरात शाळांना अशी फेरी घडवून आणणारं माणूस हवंच आहे. पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो केलात तर बाहेरच्या पाहुण्यांनाही नेता येईल. पण ऊन, चालणं आणि आवाज यांचा विचार करा. तीस वर्षं वर्गात बोललेल्या घशावर उघड्यावर ओरडण्याचा ताण फार पडतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर हळद-दूध घेत थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरयंत्र दाखवा. कमरेला लावायचा छोटा माइक पहिल्या दिवसापासून वापरा.

पैशाचं थोडक्यात. निवृत्तीची रक्कम हातात आली की पहिले तीन महिने ती कोणत्याही धंद्यात घालू नका, पण तीन महिने लक्षात मात्र ठेवा. साठ पुरी नसताना, निवृत्त झालेल्यांना पंचावन्नच्या पुढे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात ते निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आतच. मर्यादा ३० लाख. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला. त्या दराने पूर्ण मर्यादेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं तोच राहतो. हे आणि पेन्शन मिळून घर चालत असेल तर नव्या कामाकडून पहिल्या दिवसापासून कमाईची अपेक्षा ठेवावी लागत नाही. काम निवडताना हीच मोकळीक सर्वांत मोलाची असते. नव्या कामावर किती खर्च करायचा तो आकडा आधीच यजमानांसमोर कागदावर लिहा. मोडीला भिंग, चांगला दिवा, शब्दकोश आणि स्कॅन करायला फोन पुरतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. साठीनंतर फक्त पेन्शन आणि व्याज असेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही, पण मानधनाचं व्यावसायिक उत्पन्न सुरू झालं की ती सवलत जाते. पावत्यांची वही पहिल्या रुपयापासून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, पेन्शन असताना पैसे घेणं बरं दिसेल का. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या शिक्षकांचं काम इथेच अडतं. वाचनात अडणाऱ्या मुलांच्या ज्या बाई मी सांगितल्या, त्या पहिले पाच महिने फुकट शिकवत होत्या. एक आई दर महिन्याला संकोचून काहीतरी आणायची, कधी लिंबाचं लोणचं, कधी चिवडा. मग तिने मुलाला पाठवणंच बंद केलं. बाई घरी विचारायला गेल्या तर ती दारातच म्हणाली, "बेन, तुमचे किती उपकार घेऊ?" फी ठरली तेव्हा ते मूल परत आलं. आकडा छोटाच होता, पण पहिल्या तारखेला पाकिटात घालून त्या आईने तो ताठ मानेने दिला. त्या दिवसापासून वेळेवर येणं, गृहपाठ, सगळं सुधारलं. मोबदला ठरलेला असला की समोरच्याला काम चुकलं तर विचारायचा अधिकार राहतो आणि आपल्याला नको तेव्हा नाही म्हणायचा. पानामागे किती घ्यायचे ते आधी सांगा, लेखी द्या, आणि ज्याच्याकडून घ्यावंसं वाटणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. ते स्वातंत्र्य पेन्शन तुम्हाला देते. लोक चार दिवस बोलतील. तुम्ही दहावीचा वर्ग सांभाळलाय, हेही सांभाळाल.

ट्रंक उतरवाल तेव्हा एकट्याने उतरवू नका आणि पावसाळ्यात उघडू नका, पाऊस लागायच्या आधीच हे काम उरका. कोरडा दिवस बघून, जुनी स्वच्छ सुती चादर पसरून तिच्यावर कागद काढा. घड्या जोर लावून उलगडायच्या नाहीत. जिथे कागद तडकतोय तिथे सोडून द्या. सेलोटेप लावू नका आणि कोणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका, त्यातून कागद पुन्हा सुटत नाही. प्रत्येक कागदाचे दिवसाच्या उजेडात, सावलीत, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण पाठीवर बहुधा तारीख किंवा पोचल्याचा शेरा असतो. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ठेवा. सासऱ्यांनी काही विचार करूनच ते लावले असतील. मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती फडक्यात बांधा. दप्तरखान्यात अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. पहिल्या रुमालावर आजची तारीख घाला आणि आत किती कागद आहेत ते लिहा.